कोरोनातला हप्ता, पीएम किसान आणि नमो: शेतकरी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पीएम किसानची नोंदणी सुरू झाली तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतले लोक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. आता बरेच जण व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवतात आणि खाली एवढंच लिहितात: "भाऊ, पैसे का नाही आले?" जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पीएम किसानमध्ये वर्षाला किती पैसे मिळतात आणि कधी?

वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे तीन टप्पे आहेत. टप्प्यातली नेमकी तारीख केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे "एक तारखेला येणार" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरला सुरू झाली, पण हिशोब १ डिसेंबर २०१८ पासून धरला गेला. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना पैसे होते. जून २०१९ पासून ही अट काढली. तरीही "माझी जमीन पाच एकराच्या वर आहे, मला कसं मिळेल" असं विचारणारे अजून भेटतात. त्यांनी कृपया आजच अर्ज करावा.

२. कोरोनात, एप्रिल २०२० मध्ये २,००० रुपये आले होते. ती लॉकडाउनची मदत होती की नेहमीचा हप्ता?

नेहमीचाच हप्ता होता, फक्त लवकर दिला. २५ मार्चला लॉकडाउन लागला आणि २६ मार्चला केंद्राने १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यातच सांगितलं होतं, की ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना नव्या आर्थिक वर्षाचा पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच मिळेल. म्हणजे जुलैपर्यंत कधीही आला असता तो पैसा आधी आला. त्या वर्षीही एकूण ६,०००च मिळाले.

तरी त्या वेळेचं मोल मला माहीत आहे. बाजार समित्या कधी उघड्या, कधी बंद, भाजी बांधावर पडून, मजुराला द्यायला रोख नाही. बँकेबाहेर चुन्याने गोल आखले होते. उन्हं तापली तशी लोकांनी त्या गोलांत चपला आणि पासबुकं ठेवली आणि स्वतः लिंबाच्या सावलीला बसले. ते २,००० घेऊन बरेच जण तिथूनच खताच्या दुकानात गेले.

बायकांच्या जनधन खात्यावर एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने ५००-५०० रुपये आले ते वेगळे होते. त्यांचा शेतीशी संबंध नव्हता.

३. मग कोरोना म्हणून शेतकऱ्याला वेगळं काय मिळालं?

थेट खात्यावर वेगळी रक्कम नाही. जे मिळालं ते कर्जाच्या, दुधाच्या आणि धान्याच्या वाटेने आलं.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ही माफी नव्हती. त्या काळाचं व्याज चालूच होतं, आणि हे न समजल्यामुळे पुढे बऱ्याच जणांना धक्का बसला. दूध अंगावर येऊ लागलं तेव्हा राज्याने रोज दहा लाख लिटरपर्यंत जादा दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं. मोफत धान्य मिळालं ते रेशनकार्डावर, शेतकरी म्हणून नव्हे.

आपल्याकडे सर्वांत मोठा प्रश्न कर्जमुक्तीचा होता. महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ होणार होतं, पण त्यासाठी सेवा केंद्रावर जाऊन आधारसाठी अंगठा द्यावा लागे. संसर्गाच्या भीतीने अंगठे थांबले आणि यादीत नाव असलेले लाखो लोक मध्येच लटकले. खात्यावर थकबाकी दिसते म्हणून बँक नवीन कर्ज देईना, आणि मृग तर तोंडावर. शेवटी मे २०२० मध्ये शासनाने आदेश काढला, की अशा खात्यांवरची रक्कम "शासनाकडून येणे" दाखवा आणि खरिपाचं कर्ज द्या. ज्यांना हा आदेश माहीत होता त्यांनी तो छापून बँकेत नेला. ज्यांना माहीत नव्हता ते सावकाराकडे गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा.

४. अमेरिकेत कोरोनात शेतकऱ्यांना गुरांमागे पैसे दिले, असा मेसेज फिरतो. खरं आहे का?

खरं आहे. तिथल्या कृषी खात्याने १७ एप्रिल २०२० ला ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ जाहीर केला: १६ अब्ज डॉलर थेट शेतकरी-पशुपालकांना, शिवाय ३ अब्ज डॉलर धान्य, दूध, भाजी, मांस विकत घेऊन गरजूंना वाटायला. सप्टेंबरमध्ये दुसरी फेरी आली, तीत आणखी १४ अब्जांपर्यंतची तरतूद होती.

पैसे मोजायची पद्धत मात्र आपल्याहून अगदी वेगळी होती. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव ५ टक्के किंवा अधिक पडला, त्या मालाला पैसे. गुरांना डोक्यामागे दर, दुधाला उत्पादनावर, धान्याला साठ्यावर. साधारणपणे एका माणसाला अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे यापेक्षा जनावर किंवा माल कोणाचा, नुकसान कोणाचं, हे तिथे विचारलं गेलं. खंडाने जमीन कसणाराही, पिकाची जोखीम त्याची असेल तर, अर्ज करू शकत होता. ज्याच्याकडे गुरं जास्त त्याला पैसे जास्त, हा त्या पद्धतीतला दोष. तरीही नुकसान ज्याचं झालं त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट तिथे होती, आणि आपल्या पद्धतीत मला हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. पुढचे दोन प्रश्न त्याबद्दलच आहेत.

५. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण चार म्हशी आणि वीस शेळ्या आहेत. मला हप्ता मिळेल का?

नाही. पीएम किसान आणि नमो (राज्याचा हप्ता, प्रश्न १६) दोन्ही सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. जनावरं कितीही असोत, ती मोजली जात नाहीत. मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ फिरणाऱ्या माणसालाही हेच उत्तर द्यावं लागतं, आणि ते देताना मला दर वेळी वाईट वाटतं.

तुमच्यासाठी दुसरी वाट पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डाची आहे. त्याला जमीन लागत नाही. ते कर्ज आहे, अनुदान नाही, पण व्याज कमी लागतं. अर्जासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संस्थेत विचारा. मेंढपाळांनी राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करावी.

६. मी बटईने (खंडाने, ठोक्याने) जमीन करतो. मला मिळेल का?

नाही. पैसे मालकाला जातात, मालक शहरात राहत असला तरी. करार नोंदवून घेतला तरी या योजनेपुरता फरक पडत नाही.

७. नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांना मिळेल?

एकालाच. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला वर्षाला ६,०००. दोघांनीही घेतले असतील तर एकाचे थांबवले जातात आणि परतही मागितले जाऊ शकतात (प्रश्न १७).

सज्ञान मुलगा किंवा मुलगी वेगळं कुटुंब धरतात. त्यांच्या स्वतःच्या नावावर जमीन असेल तर त्यांना वेगळा हप्ता. नुसतं वडिलांच्या रानात राबतात म्हणून मिळत नाही.

८. तिघा भावांचा एकच सामाईक सातबारा आहे. पैसे वाटून मिळणार का?

नाही, प्रत्येकाला पूर्ण. सातबाऱ्यावर तिघांची नावं असतील आणि प्रत्येकाचं कुटुंब पात्र असेल तर तिघांना वेगवेगळे ६,०००. हिस्सा किती गुंठे आहे ते पाहत नाहीत. थोरल्याच्या एकट्याच्या नावावर ‘कुटुंबकर्ता’ म्हणून जमीन चालत आली असेल तर मात्र एकट्या थोरल्यालाच.

९. वडील वारले. त्यांच्या खात्यावर हप्ता येत होता. आता आईला किंवा मला कसा सुरू होईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथेच.

आधी वडिलांचा हप्ता बंद करायला सांगा. मृत्यूचा दाखला तालुका कृषी कार्यालयात द्या. त्यांच्या खात्यावर पैसे येत राहिले आणि कोणी एटीएममधून काढत राहिलं, तर ते पुढे वसूल होतात.

मग वारस नोंद. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि स्वयंघोषणापत्र लागतं. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, कोणाची हरकत नसली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. बहिणींची नावं गाळू नका. त्यांचा हक्क आहेच, आणि गाळलेल्या नावामुळे पुढे हरकत आली की सगळ्यांचंच काम अडतं.

नाव चढलं की नवीन नोंदणी. त्यात वडिलांच्या नावाचा, १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासूनची जमीन दाखवणारा फेरफार आणि वारसाचा फेरफार, असे दोन्ही जोडावे लागतात. बहुतेक अर्ज जुना फेरफार न जोडल्यामुळे परत येतात. सोबत नवा सातबारा, आठ-अ, नवरा-बायको आणि मुलांची आधार कार्डं, रेशनकार्ड.

माझ्या माहितीतल्या एका घरात नवरा २०२० मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच गेला. दिरांनी "नंतर बघू" म्हणत वारस नोंद लांबवली. ती बाई तीन वर्षं तेच रान कसत होती, सोयाबीन स्वतः काढत होती, पण कागदावर ती शेतकरी नव्हती. हप्ता नाही, पीककर्ज नाही, अतिवृष्टीची भरपाई आली तीही नाही. तिचं नाव चढलं त्या दिवशी तिने सातबाऱ्याच्या तीन प्रती काढून घेतल्या. तेराव्यानंतर महिन्याभरात अर्ज करा, एवढं माझं प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे.

१०. मी २०२१ मध्ये जमीन विकत घेतली. किंवा: वडील हयात आहेत, त्यांनी वाटणी करून दिली. मला मिळेल?

दोन्हीत नाही. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर असायला हवी. त्यानंतरचा बदल फक्त मृत्यूनंतरच्या वारसाचाच मानतात. खरेदी, बक्षीसपत्र, वाटणीपत्र चालत नाही.

११. कोणाला अजिबात मिळत नाही?

आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. केंद्र, राज्य, सरकारी उपक्रम आणि स्थानिक संस्थांचे आजी-माजी कर्मचारी. यातून चतुर्थ श्रेणी वगळली आहे, म्हणजे शिपाई पात्र आहे. महिन्याला १०,००० किंवा अधिक पेन्शन घेणारे, इथेही चतुर्थ श्रेणीला सूट. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट. आयकर भरणारे (प्रश्न १२). संस्थेच्या नावावरची जमीन. आणि अनिवासी भारतीय: दुबई, अमेरिका, लंडनला असलेल्यांचं नाव गावच्या सातबाऱ्यावर असलं तरी हप्ता नाही.

कुटुंबातला एकजण यात बसला तरी सगळं कुटुंब बाद. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर शेती करणाऱ्या नवऱ्यालाही मिळत नाही. पण सज्ञान मुलगा पोलिसात किंवा परदेशात असेल तर आई-वडिलांचा हप्ता थांबत नाही, कारण तो त्यांच्या ‘कुटुंबात’ धरलेला नाही (प्रश्न ७).

१२. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी इन्कम टॅक्स रिटर्न भरलं होतं. हप्ता बंद होईल का?

रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर *भरलेल्यांना* वगळतो. रिटर्नमध्ये कर शून्य असेल तर तुम्ही अपात्र नाही. तरी नाव चुकून अपात्रांच्या यादीत आलं तर रिटर्नची पोच आणि शून्य कराची प्रत घेऊन कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एजंट "फाइल करून देतो" म्हणून काय आकडे टाकतो ते सही करण्याआधी वाचा.

१३. ई-केवायसी करायला गेलो, अंगठाच उमटत नाही. काय करू?

कापूस वेचणाऱ्या, कांदा कापणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. हा तुमचा दोष नाही. कोमट पाण्याने हात धुवा, पुसा, थोडं खोबरेल लावून पुन्हा पुसा आणि दुसरी बोटं वापरून बघा. दहापैकी कोणतंही बोट चालतं. आमच्याकडे एका सत्तरीच्या आजींची नऊ बोटं नाकारली गेली आणि डाव्या हाताच्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. त्या करंगळीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

नाहीच जमलं तर अंगठ्याशिवाय दोन वाटा आहेत. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी, आणि पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून. चेहऱ्याची सोय २०२३ मध्ये आली आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तीच सर्वांत सोपी. गावातल्या कोणाच्याही फोनवरून होते. सीएससीत (गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात) अंगठ्याने केवायसी करायला ठरलेला दर १५ रुपये आहे. शंभर-दोनशे मागितले तर पावती मागा.

१४. स्टेटसमध्ये ‘लँड सीडिंग नो’ दाखवतं. म्हणजे काय?

तुमची जमिनीची नोंद तुमच्या नोंदणीशी जुळलेली नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. बहुतेक वेळा गट नंबर चुकलेला असतो किंवा नावात फरक असतो: सातबाऱ्यावर ‘सखुबाई’, आधारवर ‘सखूबाई’. हे काम सीएससीत होत नाही, तिथे पैसे घालवू नका.

१५. स्टेटसला पैसे जमा दिसतात, पण माझ्या पासबुकात नाहीत. कुठे गेले?

आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत. फॉर्मवर कोणता खाते नंबर दिला होता याने फरक पडत नाही. पूर्वी कुठे गॅस सबसिडीसाठी, बचत गटासाठी खातं उघडलं असेल तिथे बघा. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं. कुठेच जोडलेलं नसेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं घरी बसून उघडता येतं. लॉकडाउनमध्ये याच पोस्टमननी आधारवर पैसे काढून दारात रोख दिली होती.

केवायसी, जमीन किंवा बँक यामुळे थांबलेले हप्ते अडचण मिटल्यावर पुढच्या हप्त्यांसोबत मिळू शकतात. तुम्ही पात्रच नव्हता म्हणून थांबलेले मिळत नाहीत. नवीन नोंदणी ज्या टप्प्यात झाली तिथपासूनच पैसे धरतात, मागचे नाहीत.

१६. ‘नमो’साठी वेगळा अर्ज कुठे करायचा? आणि लाडकी बहीण घेते, तर?

वेगळा अर्ज नाही. नमो शेतकरी महासन्मान निधी हे राज्याचे वर्षाला आणखी ६,००० आहेत. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. पीएम किसानला पात्र असलेल्यांची यादीच इथे वापरतात, म्हणून तिकडे अडकलात की इकडेही अडकता. दोन्ही हप्ते एकाच दिवशी येतातच असं नाही.

ज्या बहिणीच्या नावावर पीएम किसान आणि नमो मिळून महिन्याला १,००० पडतात, तिला लाडकी बहीणचे १,५०० पूर्ण न देता वरचे ५०० देतात. हप्ता नवऱ्याच्या नावावर असेल तर ही कपात नाही.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, अजून काढला नसेल तर काढा. नवीन नोंदणीला तो २०२५ पासून लागतो.

१७. वसुलीची नोटीस आली आहे. भरायचे का?

आधी कारण वाचा. खरोखर अपात्र असाल (प्रश्न ११) तर भरा, पावती जपून ठेवा आणि पोर्टलवरून लाभ सोडून द्या. नोटीस चुकीची वाटत असेल तर गप्प बसू नका, मुदतीत लेखी खुलासा द्या. फोनवर "खात्यात भरा" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तसंच व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका. त्यातून खाती रिकामी झाली आहेत. शंका असेल तर १५५२६१ या सरकारी क्रमांकावर विचारा.

१८. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवलं तर आणखी एक हप्ता सुरू होईल का?

हप्ता नाही होणार, कारण कुटुंब एकच (प्रश्न ७). पण नाव चढवा. राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने हयातीत स्वतःहून अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मी हे सांगतो तेव्हा बरेच पुरुष विचारतात, "मग फायदा काय?" त्यांनी प्रश्न ९ मधल्या बाईची तीन वर्षं आठवावीत. अर्ज तलाठी कार्यालयात साध्या कागदावर करता येतो. नवऱ्याचं संमतीपत्र, सातबारा आणि दोघांचं आधार सोबत न्या.